क्रूगर: आफ्रिकेचं जंगल स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या गतीने

काळी_माती
(विभाग: भटकंती)

आफ्रिकेतलं जंगल म्हटलं की आपल्याकडे बहुतेक लोक थेट केनियातल्या मसाई माराच्या पॅकेजकडे वळतात. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्यांना स्वतः गाडी चालवायला आवडतं, कुणी मागून 'चला, चला' केलेलं खपत नाही आणि भर दुपारी एखाद्या पाणवठ्याशी नुसतं बसायचा कंटाळा येत नाही, त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचा जरूर विचार करावा. मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे यंदा जुलैत जाऊन आलो. दिवसवार प्रवासवर्णन लिहीत नाही, तशी इथे भरपूर आहेत. जंगल 'वाचायचं' कसं, एवढ्यापुरताच हा धागा.

आधी आकार लक्षात घ्या. क्रूगर सुमारे १९,५०० चौरस किमी आहे. ताडोबा-अंधारी गाभा आणि बफर धरून १,७२७. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किमीच्या वर, आणि डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. तरी लोक नकाशा बघतात, पाच दिवसांत मुक्कामाचे पाच कॅम्प बुक करतात आणि सगळा वेळ पुढच्या कॅम्पचं दार बंद व्हायच्या आत पोचायच्या चिंतेत घालवतात. दोन कॅम्प घ्या, फार तर तीन. बाकीचं क्रूगर कुठे पळून जात नाही.

आता मुद्द्याचं. क्रूगरमध्ये कुठे काय दिसेल हे नशिबावर असतं तितकंच जमिनीवर असतं. उद्यानाचा पश्चिमेचा उभा पट्टा ग्रॅनाइटचा आणि पूर्वेचा बसाल्टचा. ग्रॅनाइटवर माती रेताड, गवत निकस, झाडी दाट, मधूनमधून मोठाल्या शिळांच्या टेकड्या. तिथे कुडू नावाचं मोठं हरीण, बिबट्या, खडकांवर टणाटण उड्या मारणारं क्लिपस्प्रिंगर हे छोटं हरीण. पूर्वेला बसाल्ट झिजून झालेली काळी, चिकण जमीन. माझं माहेर सोलापूरकडचं, त्यामुळे त्या जमिनीतल्या भेगा बघून परक्या देशात आहोत असं वाटेना. आपल्या दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिकडचा अठरा कोटींच्या आसपासचा, पण गुण तोच: गवत कसदार. कसदार गवतावर झेब्रे, विल्डबीस्ट, रानम्हशींचे कळप, आणि त्यांच्यामागे सिंह. सतारा कॅम्पच्या भोवती सिंह जास्त दिसतात ते काही तिथल्या सिंहांना माणसांची हौस आहे म्हणून नव्हे! पूर्वेच्या सीमेवर लेबोंबो टेकड्यांची रांग आहे, ती पुन्हा वेगळ्याच कठीण दगडाची, आणि तिच्यापलीकडे मोझांबिक.

ऑलिफंट्स नदी ओलांडून उत्तरेला गेलात की मोपाने झाडांचं राज्य सुरू. आपट्यासारखी जोडपानं. मैलोन् मैल तेच झाड, आणि बऱ्याच पर्यटकांना तिथे कंटाळा येतो. मला नाही आला. गर्दी निम्म्याहून कमी होते, हत्ती मात्र भरपूर. ऑलिफंट्स कॅम्प नदीच्या वर उंच कड्यावर आहे. तिथून खाली बघितलं की नदीचं सबंध वळण, त्यात पाणघोडे, काठावर जिराफ, आणि लांबवर सपाट झाडी. सासूबाई सकाळच्या फेरीला न येता तिथल्या बाकावर बसून राहिल्या आणि आमच्यापेक्षा जास्त प्राणी त्यांनीच पाहिले.

दुसरी गोष्ट पाणी. जुलै म्हणजे तिकडचा कोरडा हिवाळा. साबी, क्रॉकोडाइल, ऑलिफंट्स अशा मोठ्या नद्या वाहत्या, बाकीच्या बहुतेकांची नुसती वाळू. अशाच एका कोरड्या पात्रावरच्या पुलावर आम्ही थांबलो होतो. हत्तिणींचा कळप आला, एकीने पुढच्या पायाने वाळू उकरली, मग सोंडेने उपसली आणि थांबली. गढूळ पाणी वर आलं. ते तिने प्यायलं नाही, बाजूला फेकलं, पुन्हा थांबली, मग नितळ पाणी प्यायली. पिल्लू मध्ये मध्ये सोंड घालत होतं, त्याला ढुशी. कळप गेल्यावर त्याच खड्ड्यावर इंपाला हरणं आली, मग होल्यांचे थवे. तासभर आमच्यामागून गाड्या जात होत्या. खिडकी खाली करून विचारायच्या, 'लायन?' आम्ही नाही म्हटलं की निघून जायच्या.

नियम थोडक्यात. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, हातपाय बाहेर काढायचे नाहीत, कॅम्पचं दार बंद होण्याआधी आत. जूनजुलैत सकाळी ६ ते संध्याकाळी ५:३०. हत्तीसाठी रस्ता मोकळा ठेवायचा आणि वेळ पडली तर गाडी मुकाट मागे घ्यायची. हत्तीच्या शेणावरून चाक नेऊ नका, त्यात शेणकिडे कामाला लागलेले असतात.

प्रश्न असतील तर विचारा. फोटो लेकीकडे आहेत, तिची परीक्षा संपली की टाकेन.

---

चहाटळ

वाचनखूण साठवली. 'लायन?' विचारून निघून जाणारी जमात ताडोब्यात 'टायगर?' विचारते, तेवढाच फरक.

खर्चाचा अंदाज द्या की. आणि तिकडे सतारा आहे तर कऱ्हाडही आहे का? (हलके घ्या)

---

काळी_माती

@चहाटळ, कऱ्हाड नाही, पण सतारात उतरून सातारच्या मावशीला फोन करण्याची संधी नवऱ्याने सोडली नाही. नावाची कथा तिथे सांगतात ती अशी, की जमिनीची मोजणी करणाऱ्याच्या हाताखाली एक हिंदुस्थानी माणूस होता आणि त्याच्या हिशेबातला सतरा नंबरचा तुकडा तो हा. खरंखोटं तिथल्या दप्तराला माहीत.

खर्च: एक रँड म्हणजे ढोबळ पाच रुपये. परदेशी पाहुण्याला उद्यानाचं शुल्कच दिवसाला माणशी पाचशे-सहाशे रँड पडतं, ते धरून चला. राहणं त्यामानाने स्वस्त. गवती छपराची गोल झोपडी, आत पलंग, न्हाणीघर, ओट्यावर स्वयंपाकाची सोय. सगळं उद्यानाचंच असतं. चौघांत छोटी गाडी घेतली तर एकूण हिशेब माराच्या चांगल्या पॅकेजच्या बराच खाली येतो. विमानाचं तिकीट मात्र तुम्ही कधी काढता त्यावर.

---

अण्णा_वऱ्हाडी

ताई, लेख झकास. पण एक सांगा बाप्पा, गाइड नाही, जिप्सी नाही, मग जनावर दिसते कसे? आमच्या ताडोब्याच्या मोहर्ली गेटावरचा गाइड चितळाचा आवाज ऐकून सांगते की वाघ कोणत्या अंगाला आहे. आपण नवखे. निस्ते रस्ते मोजत फिरू अन् झाडं पाहून परत येऊ.

---

काळी_माती

@अण्णा, शंका रास्त आहे. चितळाचं काम तिकडे इंपाला, माकडं आणि गिनीकोंबड्या करतात. जिराफांवर नजर ठेवा. चार जिराफ एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर तिकडे काहीतरी आहेच. रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळ्यांत ठिपकेवाले तरस घर करतात, त्यामुळे पहाटे मोरीपाशी गाडी हळू करायची. आम्हाला तिथे काळीकुट्ट पिल्लं दिसली, आई बाजूला लोळत पडलेली.

पहिल्या दिवशी उद्यानाची संध्याकाळची उघड्या ट्रकमधली फेरी घेतली. चालकच गाइड असतो. तो काय बघतो, कुठे थांबतो ते बघून घेतलं, पुढचे दिवस स्वतः. अंधारात फिरायची मुभा फक्त त्याच गाड्यांना असते, म्हणून एक रात्रीची फेरीही कराच.

---

जोबर्गवासी

जोहान्सबर्गला नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे, क्रूगरला दर हिवाळ्यात जाणं होतं. थोडी भर:

गाडी आपल्यासारखीच, स्टिअरिंग उजवीकडे, चालवायचं डावीकडून. आपलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत असतं ते चालतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. भाड्याने गाडी देणारे कधी कधी अडून बसतात. जोहान्सबर्गहून एन-४ महामार्गाने म्बोंबेलामार्गे (जुनं नेल्सप्रूट) मलेलाने गेट साडेचार-पाच तास. सकाळी निघा आणि उजेडी पोचा. रात्रीचा प्रवास इथे आम्हीही टाळतो. खड्डे आहेत, गुरं रस्त्यावर येतात, आणि वाटमारीही होते. सामान सीटवर दिसेल असं ठेवून गाडी सोडू नका. उद्यानाच्या आत ती काळजी नाही, तिथे चोर फक्त माकडं. व्हरांड्यातल्या फ्रीजला कडी-कुलूप असतं ते त्यांच्यासाठीच.

बुकिंग साधारण अकरा महिने आधी उघडतं. लोअर साबी आणि सतारा हे कॅम्प लगेच भरतात, पण रद्द झालेल्या जागा मधूनमधून दिसत राहतात, चिकाटी ठेवा. इथल्या शाळांच्या सुट्ट्या टाळल्या तर उत्तम. सहा-सात दिवसांहून जास्त राहणार असाल तर रोजचं शुल्क भरण्याऐवजी वार्षिक वाइल्ड कार्डाचा हिशेब करून बघा. परदेशी लोकांनाही मिळतं आणि देशातल्या इतर उद्यानांतही चालतं.

गाडी साधी हॅचबॅक पुरते, रस्ते चांगले आहेत. पण परवडत असेल तर जरा उंच गाडी घ्या. गवताच्या वरून नजर जाते.

आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा पंचेचाळीसेक किमीचा रस्ता एका सकाळी संपवायच्या ईर्ष्येने जाऊ नका. गर्दी असते, पण बिबट्यासाठी त्याला तोड नाही. लोअर साबीच्या अलीकडे सनसेट डॅम आहे, रस्त्याला लागूनच. इंजिन बंद करून बसा. मगर, पाणघोडा, मत्स्यगरुड, सगळे हजेरी लावून जातात.

---

सवाना_फॅन

लेख छान, पण थोडं उलट लिहितो. मी दोन्ही केलंय आणि माझं मत मारालाच. क्रूगरमध्ये झाडीच इतकी की अर्धा वेळ प्राण्याचा कानच दिसतो. मारात क्षितिजापर्यंत गवत, जुलै-ऑक्टोबरात सेरेंगेटीतून आलेले लाखो विल्डबीस्ट, वर चालक-गाइड पिढीजात तिथला. गाडी चालवणं, नकाशा, बुकिंग हे सगळं सुट्टीत कशाला डोक्याला? आयुष्यात एकदाच आफ्रिकेला जाणाऱ्या माणसाला क्रूगर सुचवणं मला पटत नाही.

---

काळी_माती

@सवाना_फॅन, एकदाच जाणार आणि चित्ता-सिंह उघड्यावर बघायचेच असतील तर मारा, यावर माझा वाद नाही. स्थलांतराला क्रूगरकडे उत्तरच नाही. पण 'कशाला डोक्याला' इथे आपली वाट वेगळी होते. दुसऱ्याने शोधून दिलेला सिंह आणि तासभर वाळू निरखून, माग बघून, गिधाडं कुठे उतरतायत ते पाहून आपण शोधलेला सिंह, यातला दुसरा मला जास्त वेळ पुरतो. आणि माराच्या नदीवर एका जनावराभोवती उभ्या राहणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील.

---

जोबर्गवासी

दोघांच्या मधला एक मार्ग आहे, खिशाला जड. क्रूगरच्या पश्चिमेला साबी सँड, टिम्बावाटी अशी खासगी राखीव रानं आहेत. मधलं कुंपण १९९३ पासून काढायला सुरुवात झाली, त्यामुळे जनावरं इकडून तिकडे ये-जा करतात. तिथे माग काढणारा पुढे बसतो, गाडी रस्ता सोडून झाडीत जाते, बिबट्या अगदी जवळून दिसतो. एका रात्रीच्या पैशांत क्रूगरच्या कॅम्पात आठवडा निघतो.

---

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, त्यामुळे रसभंग करतो.

क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. धोका पावसाळी महिन्यांत, साधारण सप्टेंबर ते मे, जास्त आणि कोरड्या हिवाळ्यात कमी. 'कमी' म्हणजे शून्य नव्हे. तिथल्या मलेरियावर क्लोरोक्विन उपयोगाचं नाही, त्यामुळे घरातल्या जुन्या गोळ्या नेऊ नका. डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल देतात, पण वय, गरोदरपण, चालू औषधं बघून. संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि डास पळवणारं मलम. आणि सर्वात महत्त्वाचं: परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला 'आफ्रिकेत जाऊन आलो' हे पहिल्या वाक्यात सांगा. डेंगी समजून दोन दिवस घालवण्याची ती वेळ नसते.

पिवळ्या तापाचं: दक्षिण आफ्रिका त्या यादीत नाही. पण तिकीट नैरोबी किंवा आदीस अबाबामार्गे असेल, आणि त्यातही वाटेत विमानतळाबाहेर पडणार असाल किंवा मुक्काम लांबणार असेल, तर जाताना आणि भारतात परतताना प्रमाणपत्र मागू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. आता एकदा घेतलेली जन्मभर चालते.

---

भाजणी_थालीपीठ

सासूबाई शाकाहारी आहेत का? त्यांनी काय खाल्लं ते सविस्तर लिहा. आमच्याकडे सगळं अडतं ते तिथेच.

---

काळी_माती

पूर्ण शाकाहारी, आणि अंडंही नाही. कॅम्पच्या उपाहारगृहात त्यांच्यासाठी चिप्स, सॅलड, टोस्ट याच्या पुढे फारसं काही नव्हतं. पण आम्ही खोलीतच शिजवत होतो, त्यामुळे अडलं नाही. तांदूळ, मसूर, कांदे, बटाटे, दही, सगळं जोहान्सबर्गच्या सुपरमार्केटातून भरून घेतलं. मसाले फोर्ड्सबर्ग भागात आपल्या लोकांच्या दुकानांत मिळतात.

खरा शोध म्हणजे चकालाका. कांदा, टोमॅटो, गाजर, ढोबळी मिरची, मिरच्या आणि बहुधा घेवडे घातलेलं तिखट कालवण, डब्यातही मिळतं (डब्यावरची यादी वाचून घ्या). तिथले लोक ते 'पाप'बरोबर खातात, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सासूबाईंनी एक घास खाल्ला, म्हणाल्या 'लसणीची फोडणी पाहिजे', फोडणी दिली आणि मग रोज तेच.

प्रत्येक झोपडीबाहेर निखाऱ्यावर भाजायची शेगडी असते. शेजारी मांस भाजत होते, आम्ही कणसं आणि वांगी. भरीत झालं.

---

पंखवेडा

प्राण्यांच्या गर्दीत पक्ष्यांना कोणी विचारत नाही, म्हणून मी लिहितो. क्रूगरमध्ये पाचशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत. आपल्या नीलपंखाचा तिकडचा भाऊ, जांभळ्या छातीचा, रस्त्याकडेच्या प्रत्येक फांदीवर बसलेला दिसेल. पण मला वेड लावलं ते जमिनीवर चालणाऱ्या धनेशाने. टर्कीएवढा काळा पक्षी, लाल गळा, चार-पाचचं टोळकं रमतगमत बेडूक, साप, टोळ टिपत जातं. पहाटे त्यांचा घुमणारा आवाज दूरवरून येतो, नवख्याला सिंहच वाटतो. संख्या कमी होत चाललीय, कारण घरटं करायला ढोली असलेली जुनी मोठी झाडं लागतात आणि टोळक्यातली एकच जोडी अंडी घालते, बाकीचे मदतनीस.

जागा: स्कुकुझा कॅम्पजवळच्या लेक पॅनिक तळ्याकाठच्या लपणात (नाव भीतीदायक, जागा निवांत) सकाळची वेळ घालवा. तिकडच्या उन्हाळ्यात (डिसेंबरच्या आसपास) गेलात तर स्थलांतरित पाहुणे मिळतात, पण गवत उंच आणि ऊन चाळिशीकडे.

धागाकर्तीने उत्तरेला पार पाफुरीपर्यंत जायला हवं होतं, असं मात्र म्हणेन. लुवुव्हू नदीवरचे पिवळ्या सालीचे बाभळीच्या कुळातले उंच वृक्ष आणि अवाढव्य गोरखचिंचा. वसई-वेंगुर्ल्याला एकेकट्या पाहिलेल्या गोरखचिंचा आपल्या मूळ घरी कशा दिसतात ते तिथे कळतं.

---

उलटतपासणी

सगळं रम्य आहे, पण या रम्यतेचा इतिहासही धाग्यात असू द्या. १८९८ मध्ये राखीव रान झालं, १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि त्यापायी आत राहणाऱ्यांना 'घुसखोर' ठरवून हलवलं गेलं. पंखवेडा ज्या पाफुरीचं कौतुक करतायत तिथून १९६९ मध्ये मकुलेके लोकांची गावं उठवली आणि जमीन क्रूगरला जोडली. त्यांना स्वतःची घरं जाळायला लावली होती. वर्णभेदाच्या काळात कितीतरी वर्षं काळ्या पर्यटकांना मुक्कामाला बालुले हा एक बारका कॅम्प सोडून जागा नव्हती. तेव्हा आपण गेलो असतो तर सतारातल्या त्या गोल झोपडीत आपल्यालाही कोणी घेतलं नसतं.

---

काळी_माती

@उलटतपासणी, बरं झालं लिहिलंत. पण मकुलेक्यांची गोष्ट १९६९ वर संपत नाही. वर्णभेद गेल्यावर त्यांनी जमिनीवर दावा लावला आणि १९९८ मध्ये सुमारे चोवीस हजार हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. ती त्यांनी शेतीसाठी मोडली नाही. क्रूगरचाच भाग राहू दिली, मालकी आणि लॉजच्या उत्पन्नातला वाटा आपल्याकडे ठेवला. गावाला किती पोचतं यावर तिथे वाद आहेत, तरी निदान मालक कोण याचा कागद झाला.

---

अण्णा_वऱ्हाडी

हे वाचून मेळघाट अन् ताडोब्यातली उठवलेली गावं आठवली. आमच्याकडे पॅकेज देते, नवी जागा देते, पण जंगलाची मालकी? ते नाव काढू नका.

---

चहाटळ

गेंडा दिसला का हे कोणी विचारतच नाही! ताई, दिसला असेल तर कुठला रस्ता तेवढं टाका, डिसेंबरात भावाचं कुटुंब चाललंय.

---

काळी_माती

दिसला. रस्ता सांगणार नाही, रागावू नका.

२०१० च्या आसपास क्रूगरमध्ये दहा हजारांवर पांढरे गेंडे होते. २०२० च्या मोजणीत तीन हजारही उरले नव्हते. मोठा वाटा शिंगासाठीच्या शिकारीचा, काही दुष्काळाचा. गंमत म्हणजे इथले पांढरे गेंडे एकोणिसाव्या शतकाअखेर संपलेच होते. १९६१ पासून नाताळ प्रांतातल्या (आताचं क्वाझुलू-नाताळ) उम्फोलोझीच्या राखीव रानातून आणून पुन्हा वसवले. आता कितीतरी गेंड्यांची शिंगं उद्यानानेच कापलेली असतात. आम्ही पाहिला त्यालाही नव्हतं. नवऱ्याला ते बघून वाईट वाटलं. मला नाही, जिवंत होता ना.

कॅम्पातल्या फळ्यावर लोक रंगीत टाचण्या लावून सिंह कुठे, बिबट्या कुठे ते दाखवतात. गेंड्याची टाचणी तिथे नसते. फोटो टाकतानाही फोनमधलं ठिकाण बंद करा.

---

उलटतपासणी

हत्तींचं उलट झालंय ना? तिथे म्हणे जास्त झाले म्हणून मारायचे.

---

जोबर्गवासी

हो, आणि तो अजून इथे चहाच्या टेबलावरचा भांडणाचा विषय आहे. १९०५ च्या सुमारास आख्ख्या राखीव रानात जेमतेम दहा हत्ती असावेत असा पहिल्या वॉर्डनचा, स्टीव्हन्सन-हॅमिल्टनचा, अंदाज होता. १९६७ पासून १९९४ पर्यंत दरवर्षी ठरवून हत्ती मारत आणि आकडा सात-आठ हजारांवर धरून ठेवत. ते थांबलं, आता तीस हजारांच्या घरात आहेत. मारुलाच्या झाडांची सोललेली खोडं दिसतात ती त्यांचीच कामगिरी.

यात पाण्याचा मोठा हात आहे. आधीच्या लोकांनी दुष्काळाची धास्ती घेऊन जागोजागी बोअर पाडले, पवनचक्क्या बसवल्या, तळी बांधली. हेतू चांगला. परिणाम असा की जे रान पाण्याअभावी कोरड्या ऋतूत मोकळं राहायचं तिथेही जनावरं बारमाही राहू लागली. उत्तरेच्या मैदानात रोन नावाचं दुर्मीळ मोठं हरीण होतं. पाण्यामागून तिथे झेब्रे आले, झेब्र्यांमागून सिंह, उंच गवत चरून संपलं आणि रोन १९८६ च्या साडेचारशेवरून १९९३ पर्यंत पन्नाशीच्या खाली. मग उद्यानाने बरेच पाणवठे बंद केले. तुम्हाला रस्त्याकडेला मोडकी पवनचक्की आणि कोरडी टाकी दिसेल, तो हलगर्जीपणा नाही, मुद्दाम केलेलं काम आहे.

---

काळी_माती

@जोबर्गवासी, हे सोन्यासारखं. आम्ही त्या कोरड्या टाक्या बघून 'सरकारी काम' म्हणून हसलो होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरतात, सोलर पंप बसवतात आणि बातमी 'वन्यजीवांना दिलासा' अशी येते. शेवटी कुणाला दिलासा मिळतो ते मोजायला हवं. यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

---

सवाना_फॅन

पाणवठ्यांचा भाग वाचून क्रूगरला पुन्हा जावंसं वाटतंय, हे कबूल. मत बदललेलं नाही :)

---

चहाटळ

बरं, गेंडा राहू द्या. डिसेंबरात जाणाऱ्या भावासाठी सांगा: मुलं पाच आणि नऊ वर्षांची. चालत जंगलात नेतात म्हणे, ते जमेल का? गाडी कोणती?

---

जोबर्गवासी

पायी फेरीला किमान वय बारा, बंदूकधारी दोघं सोबत असतात. उद्यानाच्या उघड्या ट्रकमधल्या फेऱ्यांना सहाखालची मुलं नेत नाहीत. म्हणजे पाचवाल्याला दोन्ही नाही, आपल्या गाडीतच फिरावं लागेल. ते वाईट नाही. गाडीत खाऊ, दुलई, झोप सगळं चालतं. मलेरियाचा ऋतू असेल, तेव्हा मुलांच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा.

डिसेंबरात गवत दाट, सिंह शोधणं अवघड, पण इंपालाची पिल्लं नुकती जन्मलेली असतात. मुलांना त्याहून काय हवं? पोहण्याचा तलाव असलेला कॅम्प घ्या, दुपारी अकरा ते तीन बाहेर पडू नका, एसी चालतो याची खात्री करून गाडी घ्या. कॅम्पची दारं त्या महिन्यात पहाटे साडेचारला उघडतात. भाऊ उठणार असेल तर उत्तम.

---

चहाटळ

भाऊ साडेचारला झोपतो. वहिनीला सांगतो.